वहिनीने न म्हटलेलं वाक्य

२ मार्च, रविवार

वहिनीचा फोन आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. "त्या गेममधून माझा आवाज काढून टाक," एवढंच.

"अगं पण का?"

"टिल्ली सांगत होती, बाबा रोज संध्याकाळी आईला बोलायला लावतो. ऐकून कसंतरीच झालं मला. मी ते घर सोडलं आणि आवाज मात्र तिथेच नांदतोय. नको मला ते. तू काढशील ना? तुझ्या दादाला सांगण्यात अर्थ नाही. तो हो म्हणेल आणि विसरेल."

मी हो म्हटलं. आवाज तिचा, मी कोण नाही म्हणणार? पण फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. त्या गेमचं ते मराठी मॉड आमच्या तिघांचं होतं. दादाने अख्ख्या गेममधली वाक्यं मराठीत आणली, वहिनी त्यातली नावाडीण झाली आणि मी आवाजाची कामं केली. गाद्यांच्या कपाटात रजयांच्या मध्ये उभी राहून वहिनी घामाघूम होत बोलायची, आणि बाहेर दादा प्रत्येक वाक्याला "वा!" म्हणायचा. टिल्ली कपाटाबाहेर बसून सगळं पाठ करायची. त्या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी ना त्याआधी पाहिलं, ना त्यानंतर.

४ मार्च, मंगळवार

स्टुडिओत मालकांना मॉड म्हणजे काय ते समजावताना नाकी नऊ आले.

"म्हणजे दुसऱ्याच्या गेममधली माणसं काढायची आणि आपली घुसवायची?"

"माणसं नाही हो, नुसते आवाज."

"आणि हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. हौस."

"मग जेवणाच्या सुट्टीत करा."

आमच्याकडे लिफ्टमधल्या सूचना तयार होतात, बँकेतल्या टोकनच्या तयार होतात. ज्या बाईंचा आवाज सगळ्या लिफ्टमध्ये आहे, त्यांना आम्ही लिफ्टबाईच म्हणतो. त्यांनाच गळ घातली. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा बाजूला सारून नावाडीण झाल्या. बाई गुणी आहेत, एकदाही चुकल्या नाहीत. मी त्यांच्या आवाजाच्या फायली कापून वहिनीच्या फायलींच्या जागी बसवतेय. काम सोपं आहे. जुन्या फाइलचं जे नाव तेच नवीला द्यायचं, म्हणजे गेमला पत्ताही लागत नाही. फक्त माप जपायचं. वाक्य लांबलं तर शेवटचा शब्द तुटतो, आखूड पडलं तर पात्र उगाच तोंड हलवत राहतं. नाव तेच, माप तेच, आत बाई दुसरी.

८ मार्च, शनिवार

नवी आवृत्ती परवा टाकली. दादाच्या घरी ती आपोआप उतरली, आणि आज सकाळी तो दारात हजर. दाढी वाढलेली, पायात दोन तऱ्हेच्या चपला.

"बारके, तू नावेत लिफ्टमधली बाई बसवलीस. नाव सुटतेय म्हणते, तर वाटतं आता दार बंद होणार."

मला हसू फुटलं. तो हसला नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला, मी दिलेला चहा निवत ठेवला, आणि म्हणाला, "घरात कुणाचाच आवाज नाही गं."

मी त्याला सांगितलं, वहिनीनेच काढायला लावलंय. त्यावर तो काहीच बोलला नाही. हा त्याचा जुना गुण. वहिनी म्हणायची, तुझ्या दादाशी बोलण्यापेक्षा कुकर बरा, निदान शिट्टी तरी देतो. ती समोर होती तेव्हा हा तिच्याकडे पाठ करून हेडफोन लावून बसायचा. आता तिचा आवाज ऐकायला हेडफोन लावून बसतो. माझाच भाऊ, पण सांगायला हवं तर सांगते, तिने घर सोडलं त्यात मला नवल वाटलं नव्हतं.

आणि तरी मी त्याला जुन्या फायली पेनड्राइव्हवर दिल्या. त्याचा चेहरा बघवत नव्हता. वहिनी म्हणाली होती गेममधून काढ, तर मी काढला. साऱ्या जगासाठी काढला. एका घरात एका माणसाने ऐकला तर तिच्या अंगाला भोकं पडत नाहीत.

हे वर लिहिलेलं आत्ता वाचलं. वकीलच व्हायला हवं होतं मी.

१२ मार्च, बुधवार

दादाचं आणखी एक मागणं. गेमच्या शेवटी नाव पैलतीराला लागते आणि नावाडीण म्हणते, "उतर आता. इथून पुढे तुझा तू." मग ती नाव घेऊन धुक्यात निघून जाते. दादा म्हणतो, तेवढं एक वाक्य मला सोसत नाही. ते बदलून दे.

"काय म्हणू दे तिला?"

"'थांब इथेच. मी परत येते.'"

"हे वहिनी कधी म्हणालेलीच नाही."

"तू जोडतेस की. बँकेत तेच करतेस ना?"

ते खरं आहे. टोकन क्रमांक एकशे बेचाळीस, असं सबंध कुणीही कधी म्हटलेलं नसतं. "टोकन क्रमांक" एका दिवशी म्हटलेलं, "एकशे" दुसऱ्या, "बेचाळीस" तिसऱ्या. मी ते असं जोडते की शिवण दिसत नाही. मालक बाहेरच्यांना ऐकवून विचारतात, सांगा बरं कुठे जोडलंय? आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

मी नाही म्हटलं. "तुला वेड लागलंय," असंही म्हटलं. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. भांडला असता तर बरं झालं असतं.

१३ मार्च, गुरुवार

केलं.

का केलं ते लिहिण्याआधी कसं केलं ते लिहिते, कारण दुपारभर मला तेवढंच सुचत होतं. "थांब इथेच" वादळाच्या प्रसंगात सबंध मिळालं. "मी" हवे तेवढे. "परत" मिळालं "परत वल्हं सोडलंस तर बघ" मध्ये, जरा रागातलं होतं, त्याची धार घासून काढली. अडलं "येते" वर. नावाडीण कुठेच येते म्हणत नाही, ती सारखी जातेच. शेवटी न कापलेल्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये शोधलं. एका ठिकाणी वहिनी मध्येच थांबलीय, कपाटाबाहेरून टिल्ली काहीतरी रडून मागतेय, आणि वहिनी माइकपासून तोंड वळवून म्हणते, "येते गं, येते." दुसरं "येते" इतकं मऊ होतं की मी हेडफोन काढून जरा खिडकीशी जाऊन उभी राहिले. मग परत येऊन ते उचललं.

माप तंतोतंत जमलं. "उतर आता. इथून पुढे तुझा तू" च्या जागी श्वासासकट बसलं. स्वतःच दोनतीनदा ऐकलं आणि मला खरोखर वाटलं की वहिनी येणार आहे. तेव्हा घाबरून आवाज बंद केला. पण आनंदही झाला, कामाचा. तो लपवण्यात काय अर्थ आहे?

का केलं? दादासाठी. असं मी म्हणते.

फाइल पाठवल्यावर त्याचा एका शब्दाचा निरोप आला. "वा!"

१६ मार्च, रविवार

टिल्लीचा फोन. रविवारी ती दादाकडे असते. पहिलीत आहे, पण फोनवर प्रश्न वकिलासारखे विचारते. घराण्यातच आहे ते.

"आत्या, नावाडीण खोटं बोलते का गं?"

"छे! ती कशाला खोटं बोलेल? ती गेममधली सगळ्यात शहाणी बाई आहे."

"म्हणजे ती म्हणाली की ते होतं?"

"होतंच मुळी. ती म्हणाली वादळ येणार, की येतं. ती म्हणाली खडक आहे, की असतो."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवलाच. या पोरीला निरोप घ्यायची रीत कोण शिकवणार? दुपारी पडदे धुतले. घर जरा माणसात आलं.

१७ मार्च, सोमवार

काल इकडे मी पडदे धुऊन निवांत बसले होते तेव्हा तिकडे काय झालं ते आज कळलं.

वहिनी संध्याकाळी टिल्लीला न्यायला दादाच्या घराखाली गेली. ती कधीच आत जात नाही, खालूनच हाक मारते. काल टिल्ली खाली येईना. वहिनी वर गेली तर पोरगी कपाटातले आईचे राहिलेले कपडे काढून, घडी घालून रचून ठेवतेय. "आई, तू येणार आहेस ना, म्हणून जागा करतेय." कुणी सांगितलं? तर "तूच सांगितलंस." आणि तिने आईचा हात धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि नाव पैलतीराला लावली.

वहिनीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. थांब इथेच. मी परत येते.

"मी तिला म्हटलं, अगं ते नावेतल्या माणसाला म्हणतेय ती," वहिनी फोनवर सांगत होती. "तर म्हणते, नाही, ते मलाच म्हणालीस. मला म्हणतेस तसंच म्हणालीस. आणि खरं सांगू? ते 'येते' मी तिलाच म्हणते गं. दुसऱ्या कुणाला नाही म्हणत मी तसं."

दादा तिथेच उभा होता. मी विचारलं, तो काय म्हणाला? काही नाही म्हणाला. काही नाही! एवढं एक वाक्य तरी बोलायचं, की हे बारकीने जोडलंय. पण तो बोलला असता तर मी उघडी पडले असते, म्हणून मनात कुठेतरी मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवते.

मग वहिनीने विचारलं, "तू आवाज काढला होतास ना?"

"लोकांसाठी काढला. दादाकडे जुनी प्रत राहिली असेल."

"आणि हे वाक्य? हे कधी म्हणाले मी?"

आता सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे, "असेल एखाद्या जुन्या रेकॉर्डिंगमधलं. तेव्हा दादा सारखी वाक्यं बदलायचा ना."

"असेल," ती म्हणाली. रागावली नाही. ती रागावली नाही याचीच मला भीती वाटतेय.

१८ मार्च, मंगळवार

काम काही सुचलं नाही. एका दवाखान्याच्या सूचनेत "कृपया" दोनदा पडलं. मालक म्हणाले, आज फारच नम्र झालात. खाई त्याला खवखवे.

१९ मार्च, बुधवार

वहिनी ज्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये आहे, त्यांची नवी शाखा दुसऱ्या गावी निघतेय. तिथली मुख्य म्हणून तिला विचारलंय. राहायला दोन खोल्या, जवळच शाळा. महिनाभर ती त्याच आनंदात होती, टिल्लीसाठी शाळाही बघून आली होती. शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

आज म्हणाली, नाही म्हणून सांगावं म्हणतेय.

"का?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"ते ऐकल्यापासून झोप नाही मला. मी म्हणालेच असेन ना कधीतरी? आपल्या तोंडून निघालं, तेही इतक्या मायेनं, म्हणजे मनात असणारच. मला वाटत होतं त्या घरात मी नुसती वैतागलेलीच होते. पण तो आवाज वैतागलेल्या बाईचा नाही गं. कदाचित मीच घाई केली. कदाचित मीच विसरले की मी तिथे सुखात होते."

दादाला जे कधी बोलून जमलं नाही, ते मी कापून जोडून जमवलं होतं. ती परत आली, तर मी केलेल्या वाक्यावर विश्वास ठेवून परत येईल. आणि दादा चार दिवस "वा!" म्हणेल, आणि मग तिच्याकडे पाठ करून बसेल. हे मला जितकं स्पष्ट दिसतंय तितकं दुसऱ्या कुणाला दिसत नसेल. आणि तरी क्षणभर वाटलं, गप्प राहावं. घर पुन्हा भरलेलं होईल. टिल्ली हसेल. कुणाचं काय वाईट होईल?

असा विचार करणारी बाई मला आवडली नाही.

२० मार्च, गुरुवार

दुपारी लॅबवर गेले. वहिनी आतल्या खोलीत नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "मी" इथून, "परत" तिथून, आणि "येते" तू टिल्लीला म्हणालेलं.

तिने हातातली नळी नीट खाचेत ठेवली.

"म्हणजे मी म्हणालेच नाही."

"नाही."

"सोमवारी मी तुला विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी तीन रात्री स्वतःला दोष देत होते. आणि तू ऐकत होतीस. कालसुद्धा."

मी माफी मागायला लागले, तर तिने हात वर केला. "राहू दे. माफीसुद्धा छान जोडून आणली असशील." मग तिचं तिलाच ते लागलं असावं, कारण तिचे डोळे भरले. मला ओरडली असती, हाकलली असती तर मी घरी येऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. तिने तसं केलं नाही. "एक काम मात्र तुलाच करावं लागेल," म्हणाली. "टिल्लीला तू सांगायचं. माझं सांगून झालं. ती म्हणते, तू विसरलीस, नावाडीण खोटं बोलत नाही, आत्याने सांगितलंय."

तेव्हा मला रविवारचा तो फोन आठवला. बसायला खुर्ची शोधली, पण सगळ्या खुर्च्यांवर नमुन्यांच्या पेट्या होत्या.

२१ मार्च, शुक्रवार

वहिनीने नव्या शाखेला हो कळवलं. पुढच्या महिन्यात जाणार. मला तिने सांगितलं नाही, दादाकडून कळलं. दादाला टिल्लीने सांगितलं.

दादाकडे जाऊन मी फाइल पुसली, पेनड्राइव्हसकट. त्याने अडवलं नाही. खुर्चीतून उठून मला जागा करून दिली आणि मागे उभा राहिला. मी विचारलं, तू तिला त्या दिवशी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "मला वाटलं, खरं होईल." चाळिशीचा माणूस! मला त्याचा राग आला आणि दयाही आली. पण कानफटात खायला त्याच्या शेजारी मीही उभी होते.

२३ मार्च, रविवार

आज टिल्ली माझ्याकडे आली. वहिनी तिला जिन्याशी सोडून बाजारात गेली, वर आली नाही.

मी लॅपटॉप उघडून तिला मांडीवर घेतलं. दादाकडची फाइल पुसली असली, तरी तिला दाखवायला तुकडे ठेवले होते. पाठांतर केल्यासारखं सगळं सांगितलं. हे बघ, हा "मी" या वाक्यातला. हा "परत" तिथला, ऐक, कशी रागावलीय. आणि हे "येते" तू रडत होतीस तेव्हाचं, आई कपाटातून म्हणाली होती. मी ते कात्रीने कापल्यासारखं कापलं आणि चिकटवलं. आईने हे वाक्य म्हटलंच नाही. मी केलं. माझं चुकलं. आणि नावाडीण खोटं बोलत नाही असं तुला सांगितलं, तेही चुकलं.

तिने तुकडे परत परत वाजवले. मग क्रम बदलून वाजवले. "येते परत मी." त्यावर तिला हसू आलं, मलाही आलं, आणि मला वाटलं, सुटले. पोरं लवकर विसरतात. उगाच मी जिवाला घोर लावून घेतला होता.

"आणि बाबाला माहीत होतं?"

"हो."

"मग बाबा का नाही बोलला?"

"बाबाला बोलायला जमत नाही गं," म्हटलं.

"तू बाबाचा पण आवाज कापून बोलायला लावू शकतेस?"

"शकते. पण नाही करणार. आता कुणाचाच नाही."

ती मान हलवून लॅपटॉपकडे बघत राहिली. मी तिला दूध दिलं, तिने मिशी काढली, आम्ही चित्रं रंगवली. छान गेला वेळ.

मग माझा फोन वाजला. वहिनी होती. माझ्याशी बोलायचं नसावं, म्हणून मी लगेच टिल्लीच्या कानाला लावला. खोली शांत होती, मलाही ऐकू येत होतं. "झालं का गं? मी खाली आलेय. ये."

टिल्लीने फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आत्या, ही खरी आहे?"

"अगं, आईच आहे ती! खाली उभी आहे."

"टिल्ली? ऐकतेयस ना? ये लवकर, मी आलेय," फोनमधून आवाज आला.

तिने फोन माझ्या हातात दिला, खुर्ची ओढत खिडकीपाशी नेली, वर चढली आणि गजांना नाक लावून खाली पाहिलं. नीट पाहिलं. मग उतरली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "आहे."